परक्या म्हणी, ओळखीची माणसं

इंग्रजी म्हणी आपल्याकडे फळ्यावरून आल्या. मराठी म्हणी आपण चुलीपाशी, ओट्यावर, भांडणात, लग्नाच्या बैठकीत, मयताच्या दारात ऐकल्या. त्या नेमक्या कोणी शिकवल्या हे कुणालाच सांगता येणार नाही. ‘अ स्टिच इन टाइम सेव्ह्ज नाइन’ मात्र कोणत्या इयत्तेत, कोणत्या बाईंनी उतरवून दिली हे बहुतेकांना आठवतं. वहीत वर म्हण, खाली अर्थ, त्याखाली मराठीतली ‘समानार्थी म्हण’, आणि कल्पनाविस्ताराला आली तर घोकून ठेवलेल्या दहा-बारा ओळी. पेपर झाला की वही रद्दीत जायची आणि तिच्याबरोबर म्हणही जायची. पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुलांनी शेकडो इंग्रजी म्हणी पाठ केल्या, पण त्यांतली एखादी कुणाच्या अडचणीच्या वेळी तोंडून बाहेर पडली असं क्वचितच घडलं.

हा संग्रह त्या म्हणींना रद्दीतून परत आणण्यासाठी आहे. मानखुर्दच्या एका अभ्यासिकेत संध्याकाळी जमणाऱ्या दहावी-बारावीच्या मुलामुलींनी तो तयार केला. त्यांना काम साधंच दिलं होतं. वहीतली इंग्रजी म्हण घरी घेऊन जा, गल्लीत न्या, आईवडिलांच्या कामाच्या जागी न्या. तिचा अर्थ मराठीत, हिंदीत, जमेल त्या बोलीत सांगा. समोरचं माणूस त्यावर काय म्हणतं ते लिहून आणा. पटली म्हणणाऱ्याचं लिहा, झिडकारणाऱ्याचंही लिहा. मुलांनी वह्या भरून आणल्या, आणि त्या वाचताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. या प्रस्तावनेत मला तीच सांगायची आहे. म्हण प्रसंगावाचून मुकी असते. कोण बोललं, कुणाला बोललं, कशावरून बोललं, हे काढून घेतलं की तिच्यात उरतो तो नुसता उपदेश, आणि उपदेश कुणाच्या उपयोगी पडत नाही.

इंग्रजी म्हणी ज्यांनी पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात गोळा केल्या त्यांना हे ठाऊक होतं. जॉन हेवूड यांचं म्हणींचं पुस्तक १५४६ साली निघालं. ती यादी नाही, तो एक संवाद आहे. एका तरुणापुढे पेच आहे: मनाजोगत्या पण गरीब मुलीशी लग्न करावं, की पैसेवाल्या म्हाताऱ्या विधवेशी? तो वयाने मोठ्या मित्राला सल्ला विचारायला येतो. मित्र त्याला दोन जोडप्यांची कहाणी सांगतो. एकाने प्रेमाखातर केलं, दुसऱ्याने पैशाखातर, आणि सुखी दोघंही नाहीत. आज आपण फळ्यावर लिहितो त्या कितीतरी म्हणी तिथे या वादात बोलल्या जातात: घाईने नासाडी होते, उडी मारण्याआधी पाहावं, रोम एका दिवसात उभं राहिलं नाही, उशिरा का होईना पण झालं ते बरं. प्रत्येक म्हण कुणीतरी कुणाच्या तरी तोंडावर टाकतं आणि दुसरा तिला दुसऱ्या म्हणीने उत्तर देतो. आपल्याकडच्या लग्नाच्या बैठकीत बसलेल्या कुठल्याही मामाला हे पुस्तक ओळखीचं वाटेल.

त्याआधी १५०० साली इरॅस्मस या डच विद्वानाने पॅरिसला ग्रीक-लॅटिन म्हणींचा संग्रह छापला. तो आयुष्यभर वाढवत नेला आणि शेवटी त्यातल्या नोंदी चार हजारांवर गेल्या. ज्यांना आपण इंग्रजी म्हणी म्हणतो त्यांतल्या अनेक याच वाटेने इंग्लंडात पोचल्या. १६७० मध्ये जॉन रे यांनी केंब्रिजला इंग्रजी म्हणींचा संग्रह प्रसिद्ध केला. रे हे निसर्गाचे अभ्यासक होते. त्याच वर्षी त्यांनी इंग्लंडमधल्या वनस्पतींची सूचीही छापली. झाड कुठे उगवतं, कोणत्या मातीत, कोणत्या हंगामात, हे पाहायची सवय असलेल्या माणसाने म्हणींकडेही वळावं यात मला मोठा अर्थ दिसतो.

आपल्याकडेही हे काम झालं आहे, आणि त्यात इंग्रजांचा हात आहे. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि दुसरी १८५७ ची. शब्दांच्या नोंदींमध्ये त्यांनी जागोजाग म्हणी पेरल्या आहेत. १८९९ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीचे मिशनरी रेव्हरंड मॅन्वेरिंग यांनी गोळा केलेल्या मराठी म्हणी इंग्रजी भाषांतरासह ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रेसने छापल्या. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ १९४० च्या दशकात दोन भागांत निघाला. म्हणजे इंग्रज माणूस आपल्या म्हणी वहीत उतरवून घेऊन गेला, त्याला सव्वाशे वर्षं होऊन गेली. उलट दिशेचा प्रवास मात्र पाठ्यपुस्तकाच्या पलीकडे गेला नाही. त्यांच्या म्हणी घेऊन आपण आपल्या वस्तीत कधी हिंडलोच नाही.

मानखुर्द हे हार्बर लाइनवरचं मुंबईच्या हद्दीतलं शेवटचं स्टेशन. पुढे खाडी, आणि खाडीपलीकडे वाशी. एका बाजूला अणुशक्तीनगर आणि ट्रॉम्बे, दुसऱ्या बाजूला गोवंडी, शिवाजीनगर, देवनार. जुनी आगरी-कोळी गावठाणं, जालना-बीड-सोलापूरकडून आलेली कुटुंबं, उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून आलेली माणसं, रेल्वेच्या कडेची झोपडी सोडून लल्लूभाई कंपाउंडच्या इमारतींत आलेले रहिवासी, असं सगळं इथे शेजारीशेजारी राहतं. पाणी, घर, काम आणि उद्याची सोय यांचा विचार इथे रोज करावा लागतो. म्हणींचा जन्मही याच चार गोष्टींपोटी होतो. म्हणून इंग्रजी म्हणी तपासून पाहायला याहून चांगली जागा मला सुचत नाही.

या संग्रहातली माझ्या मते सगळ्यात मोलाची नोंद ज्या म्हणीची आहे ती शाळेच्या पुस्तकात सहसा भेटत नाही. ‘व्हेअर देअर्ज मक, देअर्ज ब्रास.’ ही उत्तर इंग्लंडातली, यॉर्कशरकडची म्हण: जिथे घाण तिथे पैसा. जॉन रे यांच्या १६७८ च्या आवृत्तीत तिचं जुनं रूप सापडतं, घाण आणि पैसा बरोबरच चालतात अशा अर्थाचं. शेतकऱ्याच्या लेखी घाण म्हणजे शेणखत. ज्याचा उकिरडा मोठा त्याचं पीक मोठं. पुढे त्या भागात गिरण्या आणि भट्ट्या उभ्या राहिल्या, आणि म्हण काजळीला आणि धुराला लागू झाली.

देवनारच्या डंपिंग ग्राउंडजवळ राहणाऱ्या मुलांना ती समजावून सांगावी लागली नाही. १९२७ पासून मुंबईचा कचरा इथे येऊन पडतो आहे. इथल्या मंडाला वस्तीत भंगाराची दुकानं आणि गोदामं आहेत. वेचून आणलेली गोणी आधी जमिनीवर रिकामी करतात. मग हात चालू होतात: कडक प्लास्टिक एकीकडे, पन्नी दुसरीकडे, बाटल्या वेगळ्या आणि त्यांची झाकणं वेगळी. पुठ्ठा कोरडा असेल तर पूर्ण वजन, ओला असेल तर काट्यावर काटछाट. वायरीवरचं आवरण सोललं की आत तांबं. जुन्या नळाची तोटी, दाराची बिजागरी, पंपाचा तुकडा हे सगळं पितळ; ते गोणीत राहत नाही, डब्यात जातं आणि सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत जपून तोललं जातं. या कामात नजर लागते. रंगवलेलं लोखंड आणि पितळ यांतला फरक दुरून ओळखणारी बारा-तेरा वर्षांची पोरं इथे आहेत, आणि ती शाळेत असायला हवीत हे लिहिल्यावाचून मला पुढे जाता येत नाही.

घाण तिथे पैसा, हे इथल्या माणसांनी मान्य केलं. पण मुलांच्या वह्यांत त्यापुढे आणखी काही आलं. वेचणाऱ्याच्या हाती पडलेला पैसा, दुकानदाराच्या काट्यावरचा पैसा, गोदामवाल्याचा पैसा आणि माल वितळवून पुन्हा विकणाऱ्या कारखान्याचा पैसा यांत पायरीपायरीने किती अंतर पडत जातं, हे त्यांनी घरी विचारून लिहिलं. घाण मात्र पहिल्याच पायरीवर राहते. जानेवारी २०१६ मध्ये डंपिंग ग्राउंडला आग लागली तेव्हा धूर दिवसच्या दिवस हटला नाही; आसपासच्या पालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तो धूर पितळ विकणाऱ्याच्या आणि न विकणाऱ्याच्याही छातीत गेला. एका मुलीने म्हणीखाली आपली ओळ जोडली आहे: घाण आणि पैसा एका घरी मुक्कामाला नसतात. यॉर्कशरच्या म्हणीला इतकं नेमकं उत्तर मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही. ही ओळ उद्या मंडाल्यात म्हण म्हणून चालू लागली तर मला नवल वाटणार नाही.

आता पाठ्यपुस्तकातल्या जोड्यांकडे येतो. ‘मेक हे व्हाइल द सन शाइन्स’ या म्हणीसमोर आपल्या वह्यांत हमखास ‘तवा तापला तोवर पोळी भाजून घ्यावी’ असं लिहिलेलं असतं. पण दोन्ही म्हणींचा स्वभाव वेगळा आहे. पोळीच्या म्हणीत संधी साधण्याची गोष्ट आहे, आणि कधी कधी ती संधिसाधूपणाकडेही झुकते. गवताची म्हण शेतकऱ्याच्या धास्तीतून आली आहे. इंग्लंडातला उन्हाळा भरवशाचा नसतो. कापलेलं गवत वाळण्याआधी पाऊस आला तर ते कुजतं, आणि मग हिवाळाभर गुरांना घालायचं काय? ही म्हण ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यातल्या बायकांना कुठल्याही शिक्षकापेक्षा आधी कळली. एप्रिल-मेच्या कडक उन्हात जवळा पसरायचा, हाताने उलटापालटा करायचा, संध्याकाळी गोळा करायचा, कावळे-कुत्र्यांपासून राखायचा. वळवाची एक सर आली की वास सुटतो आणि माल जातो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत घर चालतं ते अशा सुकवलेल्या मालावर. याला आपल्याकडे पावसाळ्याची बेगमी म्हणतात. इंग्रज शेतकरी जी धास्ती गवताबद्दल बाळगत होता तीच कोळीण जवळ्याबद्दल बाळगते, आणि वेळेत काम उरकण्याची तीच जिद्द दोघांत आहे. वहीतली तव्याची जोडी खोडून मुलांनी तिथे बेगमी लिहिली.

‘टाइम अँड टाइड वेट फॉर नो मॅन’ हीसुद्धा खाडीकाठी वेगळीच ऐकू येते. परीक्षेत आपण वेळेचं महत्त्व लिहितो आणि भरती-ओहोटी नुसती शोभेला राहते. खाडीत होडी घालणाऱ्याला पौर्णिमा-अमावस्येचं उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग यांचा हिशेब रोज मांडावा लागतो. उधाणाला पाणी जोराने चढतं, जोराने उतरतं. भांगाला ते मंद असतं. भरतीची वेळ रोज पुढे सरकते, त्यामुळे त्याचं काम घड्याळाच्या एकाच काट्यावर बसत नाही. नोकरदार माणसाला ही म्हण घाई करायला सांगते. खाडीवरच्या माणसाला ती पाण्याची चाल ओळखून कधी थांबायचं आणि कधी निघायचं ते ठरवायला सांगते. दुसरा अर्थ मला जास्त शहाणा वाटतो.

‘कट युअर कोट अकॉर्डिंग टु युअर क्लॉथ’ आणि ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही जोडी मात्र घट्ट आहे, दोन्ही म्हणी एकाच काळजीतून आल्या आहेत. तरी लल्लूभाई कंपाउंडमध्ये २२५ चौरस फुटांच्या खोलीत राहणाऱ्या घरांनी तिच्यावर जे सांगितलं ते ऐकण्याजोगं आहे. तिथे पाय पसरायचे म्हटलं की आधी कुणाची पाळी रात्रीची आणि कुणाची दिवसाची हे पाहावं लागतं. अंथरूण पाहून पाय पसरणारी माणसं ही म्हण दुसऱ्याला ऐकवत नाहीत. ज्यांचं अंथरूण लांबरुंद आहे तेच ती जास्त ऐकवतात. त्यातून मुलांच्या लक्षात आलं की म्हणीला बोलणारं तोंड असतं, आणि त्या तोंडाला समाजात एक जागा असते.

हे सगळ्यांत स्पष्ट दिसतं ते ‘बेगर्ज कान्ट बी चूजर्स’ मध्ये. मागणाऱ्याला निवड करायचा हक्क नाही. जवळजवळ पाचशे वर्षं ही म्हण गरिबाचं तोंड बंद करायला वापरली गेली. आपल्याकडे ‘धर्माची गाय आणि दात का गं नाय’ ही तिच्याच जातीची. घर फुकट मिळालं ना, मग लिफ्ट बंद आणि पाणी कमी याची तक्रार कशाला, हा युक्तिवाद पुनर्वसनात गेलेल्या माणसाने अनेकदा ऐकलेला असतो. तो युक्तिवाद या म्हणीवरच उभा आहे, आणि तो खोटा आहे. आधीचं घर सोडून मिळालेलं घर हा धर्म नव्हे, मोबदला आहे.

याच जागी मराठीने एक दुसरी म्हणही घडवली: ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी.’ बाहेरून पाहिलं तर तीही गरजवंताची लाचारी सांगते. पण तिच्यात कोण कोण आहे ते पाहा. जो वाकला आहे तो हरी, आणि ज्याच्या पायाशी वाकावं लागलं तो गाढव. अडचणीत माणूस खाली बसला तरी त्याची थोरवी म्हणीने काढून घेतली नाही, आणि उभ्या असलेल्याला उगाच मोठेपणही दिलं नाही. दाखल्यासाठी, सहीसाठी, ॲडमिशनसाठी रांगेत ताटकळलेल्या आईने ही म्हण स्वतःशी पुटपुटली तर तिचा मान तिच्यापाशी राहतो. दोन भाषांच्या म्हणी शेजारी ठेवण्याचं खरं मोल इथे कळतं. एकीत जे हरवलं आहे ते दुसरीने जपून ठेवलेलं सापडतं.

‘अ रोलिंग स्टोन गॅदर्स नो मॉस’ ही इरॅस्मसच्या संग्रहातूनही आलेली फार जुनी म्हण. गडगडत्या दगडाला शेवाळ धरत नाही. सतत जागा बदलणाऱ्याचा कुठेच जम बसत नाही. इथल्या चिता कॅम्प या वस्तीत तिच्यावर बरंच बोललं गेलं. १९७६ मध्ये जनता कॉलनी ही वस्ती हटवली आणि तिथली हजारो माणसं इथे आणून बसवली गेली. आज त्यांची नातवंडं कॉलेजात जातात. ती माणसं आपल्या पायांनी गडगडत आली नव्हती. आणि एकदा थांबू दिल्यावर त्यांनी शाळा उभ्या केल्या, मशिदी आणि मंदिरं उभी केली, बाजार बसवला. म्हण दगडाला दोष देते. दगड कुणी लोटला हे विचारत नाही. मुलांनी तो प्रश्न तिच्याखाली लिहून ठेवला आहे आणि मी तो तसाच राहू दिला.

म्हणी एकमेकींना छेद देतात, ही तक्रार नेहमी ऐकू येते. ‘टू मेनी कुक्स स्पॉइल द ब्रॉथ’ म्हणायचं आणि लगेच ‘मेनी हँड्स मेक लाइट वर्क’ही म्हणायचं. मराठीतही ‘बारभाईची शेती, काय लागेल हाती’ आहे आणि ‘गाव करी ते राव काय करी’ही आहे. माझ्या मते यात तक्रारीचं काही नाही. इमारतीची टाकी साफ करायला दहा हात हवेत. टाकी कधी साफ करायची आणि पाणी किती वेळ बंद ठेवायचं, हे दहा जणांनी दहा तऱ्हांनी ठरवू नये. दोन्ही म्हणी खऱ्या आहेत, आपापल्या वेळेला. शहाणपण म्हणीत नसतं. या घडीला कोणती म्हण लागू पडते हे ओळखण्यात असतं. आजी दहा वेळा गप्प बसून अकराव्या वेळी एक म्हण बोलते आणि घर ऐकतं, ते यामुळे. तिने म्हणही निवडलेली असते आणि वेळही.

आजी आणखीही एक गोष्ट करते. ज्याला बोलायचं त्याच्याकडे न पाहता बोलते. ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण स्वतः म्हणींच्या कामाची रीतच सांगते. चारचौघांत सरळ बोललं तर भांडण होईल, गप्प बसलं तर अन्याय होईल. मग म्हण मध्ये ठेवायची. ती कुणाची नसते म्हणून कुणाला थेट लागत नाही, आणि ज्याला लागायची त्याला बरोबर लागते. दाटीवाटीच्या वस्तीत, जिथे भिंतीपलीकडचं बोलणं इकडे ऐकू येतं, तिथे शेजार टिकवायला ही सोय फार कामी येते. ‘एम्प्टी व्हेसल्स मेक द मोस्ट नॉइज’ काय किंवा ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ काय, दोन्ही म्हणी नळावरच्या भांडणात नाव न घेता न्याय करून जातात.

काही इंग्रजी म्हणी तर आपल्यात इतक्या मिसळल्या की त्या परक्या होत्या हेच आपण विसरलो. ‘इच्छा तेथे मार्ग’, ‘गरज ही शोधाची जननी’, ‘लवकर निजे, लवकर उठे, त्यास आरोग्य संपत्ती भेटे’ या इंग्रजीतूनच आलेल्या. त्यांतली शेवटची मुलांनी रात्रपाळी करणाऱ्या घरांत नेली. विमानतळावर सफाई करणारी माणसं, कचऱ्याच्या गाडीवरची माणसं, पहाटे तीनला उठून भाऊच्या धक्क्यावर मासळी घ्यायला जाणाऱ्या बायका. त्यांच्यापैकी कुणाचीही झोप ही म्हण मानून चालत नाही, आणि त्यांच्या कष्टावर शहराचं आरोग्य उभं आहे. या म्हणीवरचं त्यांचं म्हणणं संग्रहात पूर्ण दिलं आहे.

आणि काही म्हणी टाकून द्यायच्या आहेत. ‘स्पेअर द रॉड अँड स्पॉइल द चाइल्ड’ ही बायबलमधल्या नीतिवचनांतून आलेली, आणि ‘छडी लागे छमछम, विद्या येई घमघम’ ही आपल्या घरची. दोघींनी मिळून किती पाठी आणि किती तळहात सुजवले असतील याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाला मारणं आणि मानसिक छळ करणं, दोन्हींवर बंदी घातली. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. माराने मूल सुधारतं यावर आता तरी कुणी विश्वास ठेवू नये. बाई, कुत्रा आणि अक्रोडाचं झाड यांना जितकं मारावं तितकी ती चांगली होतात, अशी एक जुनी इंग्रजी म्हण आहे. आपल्या ‘बाजारात तुरी, भट भटणीला मारी’ मध्ये मार हा नुसता विनोदाचा भाग बनून बसला आहे. जात, बाई आणि अपंगत्व यांना कमी लेखणाऱ्या म्हणी दोन्ही भाषांत ढीगभर आहेत. त्या लपवून ठेवल्या तर आपलं मन कसं घडलं हे मुलांना कळणार नाही. शहाणपण म्हणून छापल्या तर ते मन तसंच राहील. म्हणून त्या शेवटच्या भागात वेगळ्या दिल्या आहेत, प्रत्येकीखाली मुलांनी नकाराचं कारण लिहिलं आहे.

संग्रहाची मांडणी अक्षरानुक्रमे केलेली नाही. पाणी, घर, काम, पैसा, शेजार, लग्न, आजारपण, प्रवास आणि शाळा असे भाग आहेत, कारण म्हणीची आठवण माणसाला अशीच होते. प्रत्येक नोंदीत इंग्रजी म्हण नागरी लिपीत, तिचा सरळ अर्थ, ती कुठल्या कामातून निघाली असावी याचा खुलासा, जवळची मराठी म्हण असल्यास ती, आणि वस्तीतली माणसं तिच्यावर काय बोलली ते आहे. जवळची म्हण न सापडल्यास ओढूनताणून जोडी लावलेली नाही. बोलणाऱ्यांची नावं त्यांच्या इच्छेने गाळली आहेत, पण त्यांचं काम लिहिलं आहे, कारण म्हण कोणत्या कामाच्या हातांतून आली हे कळायला हवं.

शिक्षकांना एक विनंती आहे. यातली म्हण फळ्यावर लिहिलीत तर तिचा अर्थ लगेच सांगू नका. ही म्हण तुमच्या घरी कोण कुणाला म्हणेल, असं आधी विचारा. वर्ग गप्प राहिला तर म्हण घरी पाठवा आणि दुसऱ्या दिवशी उत्तर मागा. त्या एका दिवसात मूल आपल्या आईशी, काकाशी, दुकानदाराशी इंग्रजीबद्दल बोलेल. ज्या घरात इंग्रजी म्हणजे भीती आणि मार्कांची वजाबाकी, तिथे आईला त्या भाषेतल्या शहाणपणावर मत देता येतं, ते पटत नाही असं म्हणता येतं, हे मुलाने पाहणं फार मोठं शिक्षण आहे. कित्येक आयांनी या वह्यांत पहिल्यांदाच इंग्रजी वाक्यावर आपला निकाल दिला आहे.

वाचकांनी या म्हणी वापराव्यात, त्यांच्याशी भांडावं, त्यांना नवी उत्तरं जोडावीत. इंग्लंडच्या शेतकऱ्याने, विणकराने, कोळ्याने आपल्या जगण्यातून जे ओळखलं ते मानखुर्दच्या माणसाला तपासून घेण्याचा पूर्ण अधिकार आहे, कारण तोही तितकंच जगला आहे.

मानखुर्द, मुंबई